मधला खंड वाचलेला आहे

१ जानेवारी १९७९, सोमवार. तासगाव. सकाळी ६.

आजपासून रोजनिशी. न चुकता. ही फक्त माझ्यासाठी. सौ.च्या हाती लागू नये म्हणून ट्रंकेत तळाशी ठेवणार.

परिस्थिती अशी. येत्या जूनपासून आमच्या हायस्कूलला अकरावी जोडून मिळणार. म्हणजे ज्युनियर कॉलेज. इंग्रजीची जागा एक. हेडसरांनी शनिवारी सरळ सांगितलं, जूनपर्यंत जो एम.ए. होईल त्याला जागा. कुणीच झालं नाही तर बाहेरचा माणूस आणणार. उमेदवार दोन. एक मी, कृष्णात जगदाळे, नोकरी अकरा वर्षं. दुसऱ्या चंदनबाला पाटीलबाई, नोकरी फक्त चार वर्षं. योगायोग असा, की दोघांचाही एकच पेपर राहिलाय. व्हिक्टोरियन गद्य आणि कादंबरी, सांस्कृतिक व ऐतिहासिक संदर्भासह. बाकी सगळ्यांत सूट मिळाली. माझा हा पेपर दोनदा गेला. पहिल्यांदा तपासणारा बरोबर नव्हता. दुसऱ्यांदा मला सर्दी होती.

मिळाली तर प्राध्यापक. नाही मिळाली तर आठवी ब, रिटायर होईपर्यंत.

पेपर १९ एप्रिलला. दिवस १०८. कादंबरी एकच, पण तीन खंडांची, ‘थॉर्नबी कोर्ट’. पानं नऊशे. रोज वीस पानं म्हणजे पंचेचाळीस दिवस. १४ फेब्रुवारीला कादंबरी खलास. नंतर उजळणी तीन वेळा. बाई काय करणार आहेत बिचाऱ्या?

२ जानेवारी, मंगळवार.

आज सुरुवात करणार होतो, पण पुस्तकच नाही. पुस्तकाशिवाय वीस पानं कशी वाचणार? हे काल ध्यानात आलं नव्हतं.

६ जानेवारी, शनिवार. रात्री ८.

सकाळची शाळा करून सांगलीला गेलो. लायब्ररीत ‘थॉर्नबी’चा एकच संच. पहिला आणि तिसरा खंड बाइंडिंगला गेले होते, आजच आले. दुसरा नाही. ग्रंथपाल म्हणाले, काल एक बाई घेऊन गेल्या, तुमच्याच गावच्या. म्हणाल्या, बाकीचे आले की कळवा.

मी दोन्ही खंड घेतले. कळवायची गरज नाही असं ग्रंथपालांना सांगितलं. शाळेत रोज भेटतोच आम्ही.

एसटीत जागा मिळाली नाही म्हणून वाचन झालं नाही.

८ जानेवारी, सोमवार.

ऑफ तासाला पाटीलबाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, सर, मधला खंड माझ्याकडे आहे, तुमच्याकडे पहिला आणि तिसरा आहेत असं कळलं. आपण आलटून पालटून घेऊ या का? दोघांचंही होईल.

मी ओळखलं. हा डाव आहे. माझं वाचन कुठवर आलंय ते काढून घ्यायचंय. मी शांतपणे म्हणालो, मधला खंड माझा वाचलेला आहे.

बाई म्हणाल्या, हो का? मग निदान पहिला द्या, आठ दिवसांत परत करते. मी म्हणालो, तो उजळणीला लागतो. तिसऱ्याचं विचारलं. तोही लागतो. बाई बरं म्हणाल्या आणि गेल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आता त्यांच्याकडे फक्त मधला खंड. ना शेंडा ना बुडखा. माझ्याकडे सुरुवात आणि शेवट दोन्ही. कुठल्याही कादंबरीत महत्त्वाचं तेवढंच असतं.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, पण तुम्ही मधला वाचलाय कुठं? बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार.

मोठा शोध. जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसलो होतो. प्रत्येक प्रश्नात ‘संदर्भ’ आहेच. म्हणजे संदर्भ आला की पेपर आला. कादंबरी काय, कुणीही वाचेल.

संदर्भाचा तक्ता करायला घेतला. राणी गादीवर बसली तिथपासून. रेल्वे निळ्या शाईत, गिरण्या लाल, दुष्काळ हिरव्या, धर्म आणि विज्ञान यांचं भांडण जांभळ्या. जांभळी शाई तासगावात नाही. उद्या सांगली.

१६ जानेवारी, मंगळवार.

तक्ता पूर्ण. पाच दिवस लागले, पण काम देखणं झालंय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला, म्हणजे जेवताना पाठ होईल. सौ. म्हणाली, रॉकेलच्या डब्यावर ओणवं व्हावं लागतंय वाचायला.

संदर्भाची एक टीप मुद्दाम इथे उतरवतो. त्या काळी कादंबऱ्या तीन खंडांत काढायचं कारण असं, की वाचायला पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांना एकच कादंबरी तीन माणसांना एकाच वेळी देता यायची. प्रत्येकाने आपला खंड वाचायचा आणि बदलून घ्यायचा. फार सुंदर पद्धत. समाज किती पुढे गेला होता! पेपरात घालणार.

वाचन: पान ९.

२८ जानेवारी, रविवार. रात्री.

दिवस ८१. पान २३. वेग कमी वाटेल, पण मी मुरवत वाचतो.

कॉन्स्टन्स नावाची मुलगी. आई नाही. थॉर्नबी गावात बापाची गिरणी, गिरणी बुडायला लागली. घरात एक एडमंड नावाचा भाऊ आहे, कझिन. भारदस्त, अबोल, विचारी. सगळे लोक धावपळ करतात तेव्हा हा खिडकीशी बसून विचार करतो. वाचता वाचता सारखं वाटत होतं, याला कुठेतरी बघितलंय. दाढी करताना लक्षात आलं. थेट माझाच स्वभाव.

मग जरा पडलो. उठलो तेव्हा दिवे लागले होते.

१८ फेब्रुवारी, रविवार.

दिवस ६०. कादंबरी चार दिवसांपूर्वी संपायला हवी होती. पान ६१. वेळापत्रक नवीन केलं. आता रोज सव्वीस पानं.

दोष माझा नाही. आमच्या खोलीला लागून घरमालक वर्धमानशेठचं बेदाण्याचं शेड. सीझन सुरू झालाय. वीसेक बाया जाळ्यांवरचे बेदाणे झाडून काड्या काढत बसतात, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. त्यात ती गंधकाची धुरी. अशात कुणाला साहित्य सुचणार? राणीलासुद्धा राज्य करता आलं नसतं.

वर्धमानशेठ हे पाटीलबाईंचे चुलतभाऊ. मी काही म्हणत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.

आज शेडात जाऊन खडसावलं. म्हटलं, माझं युनिव्हर्सिटीचं काम चालू आहे, आवाज कमी करा. टोळीची म्होरकी राहीबाई. पन्नाशीची, फाटक्या तोंडाची. म्हणाली, आवं सर, आमी बोलतोय ते काय हौसंनं व्हय? गप बसलं की झोप येती, झोप आली की मुकादम वरडतोय. तुमी एवढं काय वाचताय ते तरी सांगा की आमाला. कान तरी कामाला लागतील.

आधी राग आला. मग विचार केला. शिकवता शिकवता आपलंही पक्कं होतं. शिवाय जूनपासून लेक्चर द्यायचंच आहे, सवय झालेली बरी. पोत्यावर बसलो आणि पहिली साठ पानं सांगितली. बाया एकदम चिडीचूप. अशी शांतता आठवी बमध्ये मी अकरा वर्षांत ऐकलेली नाही.

रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास. याला म्हणतात अभ्यास.

२४ फेब्रुवारी, शनिवार.

बायांना कॉन्स्टन्स हे नाव जड जातं. त्यांनी तिचं कस्तुरा केलं. कस्तुराचा बाप मेला तेव्हा दोघीतिघींनी पदर लावला डोळ्यांना. मी स्वतः ते पान अजून वाचलेलं नव्हतं, पण बाप मरणार हे दिसतच होतं. संध्याकाळी पुस्तकात पाहिलं. मेलाय! याला म्हणतात पकड.

पहिल्या खंडाचा शेवट चाळला. रात्री पाऊस, कस्तुरा हातात पेटी घेऊन घोडागाडीत बसते, गाडी निघते. संपलं. तिसऱ्या खंडाची पहिली तीस पानं पाहिली. तिथे कस्तुरा काळे कपडे घालून समुद्राकाठी बसलेली. विधवा.

बाया म्हणाल्या, मंग? कुटं गेली?

२६ फेब्रुवारी, सोमवार.

आता मधला खंड सांगणं भाग. नाही म्हणायची सोय नाही, कारण मी वाचलेला आहे. राहीबाईला आधीच बोललोय तसं.

थोडा अडखळलो. राहीबाईच म्हणाली, आयबाप न्हाई त्या पोरीला, मंग जाणार कुटं? आत्याच्या घरी. आत्याचा पयला हक्क. मी चमकलो. किती सहज उलगडा! मी म्हणालो, बरोबर, आत्याकडेच गेली. मग एडमंड कोण? आत्याचाच मुलगा असणार. थॉर्नबीला मामाकडे शिकायला राहिला होता. म्हणजे लग्न आपोआप जुळलं. बाया खूश. एकीने विचारलं, हळद कुटं लागली? मी म्हणालो, तिकडे थंडी असते, घरातच.

तर्कशास्त्र म्हणून पाहिलं तरी दुसरं काही शक्यच नाही.

२ मार्च, शुक्रवार.

दिवस ४८. आज एडमंड मारला. काळ्या कपड्यांचा हिशेब लागत नव्हता. राहीबाईला विचारलं, एवढा धडधाकट माणूस कशाने जाईल? म्हणाली, पल्टनीत गेला असंल. तिचा थोरला जम्मूकडं असतो. एडमंड राणीच्या पल्टनीत भरती झाला आणि रणात पडला. बाया रडल्या. खरं सांगतो, मीही रुमाल काढला.

वहीत ‘खंड दुसरा, सारांश’ म्हणून चौदा पानं लिहून काढली. वाचताना स्वतःलाच आश्चर्य वाटतं, किती बारकाईने वाचलंय मी हे.

३ मार्च, शनिवार.

धोका. स्टाफरूममध्ये पाटीलबाईंनी चार जणांसमोर विचारलं, सर, दुसऱ्या खंडातला तो मृत्यू तुम्हाला कसा वाटला? मी म्हणालो, अपरिहार्य. त्या म्हणाल्या, मला तर फार अनपेक्षित वाटला. कोणत्या मृत्यूबद्दल म्हणताय सर तुम्ही?

देवाच्या कृपेने घंटा झाली. माझा तास नव्हता, तरी मी खडू घेऊन निघालो.

पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. पण एक गोष्ट सिद्ध झाली. मृत्यू आहे! माझा अंदाज चुकला नाही.

इथे राहून अभ्यास होणार नाही. सोमवारपासून पंधरा दिवस रजा. साताऱ्याला सासऱ्यांकडे जाऊन बसणार. कादंबरी संपवूनच परत.

५ मार्च, सोमवार. सातारा.

सासरे रिटायर सुभेदार हंबीरराव. घर म्हणजे बॅरेक. पहाटे चारला माझ्या खोलीत येऊन काठी आपटली. म्हणाले, जावईबापू, फॉल इन. मी उठून पुस्तक उघडलं. ते गेल्यावर मिटलं.

रात्री जेवताना रिपोर्ट मागितला. आज किती पानं? मी म्हणालो, चाळीस. त्यांनी वहीत मांडलं आणि सही करायला लावली.

खरा आकडा अकरा. पण हेतू चाळीसचा होता.

११ मार्च, रविवार.

सासऱ्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय, आमचे जावई प्रोफेसर होणार. आज दूधवाला मला प्रोफेसरसाहेब म्हणाला. वहीतल्या सह्या आठवल्या. पण बरंही वाटलं.

सासरे सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जातात. दुपारी येऊन म्हणाले, तितं एक पोरगी येती बगा. जानेवारीपास्नं दर ऐतवारी. लांबनं येती, सांगलीकडनं, पयल्या गाडीनं. कुलूप निघायच्या आधी पायरीवर बसून. पुस्तक घरी देत न्हाईत तर तितंच एक जाडजूड घिऊन बसती, डबाबी तितंच खाती. शिपाई हाय शिपाई. तुमीबी चला माझ्यासंगं.

मी म्हणालो, मला घरीच एकाग्रता लागते. बाकी कौतुक आहे मुलीचं. घरी पुस्तकांची सोय नसली की अशी वणवण होते बिचाऱ्यांची. कुणी मदत का करत नाही?

दुपारी व्हिक्टोरियन गद्य. कष्टाच्या महत्तेवर निबंध. पालथं पडून वाचला. तिसऱ्या पानावर डोळा लागला.

१८ मार्च, रविवार.

दिवस ३२. सासऱ्यांच्या वहीप्रमाणे माझी आजवर ५८० पानं झाली. सासरे म्हणाले, आता तुमची परीक्षा घेतो, गोष्ट सांगा. मी सांगितली. एडमंड पल्टनीत जातो तिथे ते सरसावून बसले. कुठली रेजिमेंट, कुठला मोर्चा, सगळं विचारलं. मी पुरवत गेलो. एडमंड पडला तेव्हा ते उठून उभे राहिले. म्हणाले, वा, मर्द गडी!

चाळीस वर्षं लष्कराशी संबंध असलेल्या माणसाला पटतंय म्हणजे ऐतिहासिक संदर्भ अचूक आहे.

तिसरा खंड आहे तिथेच, पान ३०. शेवट आधी वाचला तर गोडी जाते म्हणून ठेवलाय.

२२ मार्च, गुरुवार. तासगाव.

परत आलो. शेडात गेलो. काहीतरी बदललंय. बाया ऐकतात, पण मंग असं कुणी विचारत नाही. राहीबाई खाली मान घालून काड्या काढते. एडमंडचं नाव घेतलं की दोघी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावतात.

दुःख अजून ओसरलेलं नाही. एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

८ एप्रिल, रविवार.

दिवस ११. रात्रीची झोप नाही, म्हणून दुपारी घ्यावी लागते. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. सौ. काल शांतपणे म्हणाली, अजून वेळ आहे, पाटीलबाईंकडे जा, मधलं पुस्तक मागा, नाही म्हणणार नाहीत त्या.

मी ओरडलो तिच्यावर. नको ते बोललो. ती भाकऱ्या थापत राहिली. तक्ता धुराने काळा पडलाय, गिरण्या आणि दुष्काळ आता ओळखू येत नाहीत.

संध्याकाळी पाटीलबाईंच्या घरापर्यंत गेलो होतो. दारात चपला काढायला वाकलो. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, मोठ्याने इंग्रजी वाचत होत्या. परत फिरलो. आता मागितलं तर जानेवारीत खोटं बोललो हे उघड होणार. आणि तसा मी खोटं बोललो कुठे? फक्त क्रम चुकला. आधी सांगितलं, वाचायचं राहिलं.

१८ एप्रिल, बुधवार. सांगली, लॉज.

उद्या घोडामैदान. सासऱ्यांची तार आली. ‘विजयी व्हा. रिपोर्ट कळवा.’

शांत आहे. ताप आहे की काय बघितलं. नाही. सर्दीही नाही.

१९ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी.

झाला पेपर! मुख्य प्रश्न चाळीस मार्कांना. ‘थॉर्नबी कोर्टच्या अखेरीस एडमंडला होणाऱ्या पश्चात्तापाची चर्चा तत्कालीन सांस्कृतिक संदर्भात करा.’

प्रश्न तीनदा वाचला. एडमंड तर मी दुसऱ्या खंडातच मारला होता. मेलेला माणूस पश्चात्ताप करणार कसा? पुढच्या बाकावर पाटीलबाई भराभर लिहीत होत्या. त्यांच्या पेनाचा आवाज डोक्यात जात होता.

आणि एकदम संदर्भ धावून आला. त्या काळी इंग्लंडात लोक अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती बसून मेलेल्यांना बोलावत असत. तक्त्यात जांभळ्या शाईत होतं ते. लिहिलं, एडमंडचा पश्चात्ताप हा मरणोत्तर आहे. त्याचा आत्मा टेबलावर टकटक करून कॉन्स्टन्सची क्षमा मागतो. कशाबद्दल? तिला विधवा केल्याबद्दल. त्याला जोडून आत्याच्या घराचा हक्क, पल्टन, राणी, रेल्वे. तीन खंड तीन वाचकांनी बदलून घेण्याची पद्धतही घातली. पुरवण्या तीन.

बाहेर पाटीलबाई म्हणाल्या, सोपा होता ना सर? मी म्हणालो, मी एका नवीन अंगाने मांडलंय.

१३ मे, रविवार.

सफारी शिवायला टाकला. राखाडी. लेक्चररने शर्ट खोचून फिरणं बरं दिसत नाही. सौ. म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. निकाल लागू दे की. तिला माझ्या पेपराची कल्पना नाही.

रात्री मात्र दचकून जागा होतो. स्वप्नात टकटक ऐकू येते.

२० जून, बुधवार.

निकाल. शंभरात २४.

नंबराची अदलाबदल झाली असणार. पाटीलबाई ६१. दोन्ही पेपर एकाच गठ्ठ्यात होते. हे तपासायला हवं.

२१ जून, गुरुवार.

अदलाबदल झालेली नाही. युनिव्हर्सिटीत ओळखीच्या कारकुनाला फोन केला होता. पेपर काढून बघितला त्याने. म्हणाला, मार्जिनमध्ये लाल शाईत एवढंच लिहिलंय, ‘एडमंड शेवटपर्यंत जिवंत आहे.’

सासऱ्यांना काय कळवायचं?

२२ जून, शुक्रवार.

पाटीलबाईंना ऑर्डर मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे. हेडसर म्हणाले, दर रविवारी पहाटेच्या गाडीने साताऱ्याला जाऊन वाचलं पोरीने, चौदा रविवार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातात पेढा होता, तो पडला.

पायरीवर बसणारी ती. मी तेव्हा पाच मिनिटांच्या अंतरावर झोपलो होतो. माझ्या उशाशी तिला हवे असलेले दोन्ही खंड.

बाई वाईट काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला आठवी ब आणि आठवी क.

सासऱ्यांना पत्र टाकलं. फक्त आकडा लिहिला. या खेपेला खरा.

२४ जून, रविवार. संध्याकाळ.

घरात बसवेना म्हणून शेडात गेलो. शेवटच्या मालाची निवड चालू होती. पाच-सहाच बाया. राहीबाई म्हणाली, या सर, बसा. कळलं आमाला. वाईट झालं.

मी म्हणालो, निकालाचं सोड. माझी गोष्ट तरी तुम्हाला आवडली ना? एवढंच माझ्याकडे उरलंय असं वाटत होतं. राहीबाई म्हणाली, खोटं कशाला बोलू? तुमी बसला की मुकादम वरडत न्हवता. आमाला तेवढाच इसावा. गोष्ट तुमी मधनं रचताय ते ठावं व्हतं आमाला. तुमी साताऱ्याला गेल्ता तवा पाटीलबाई येत व्हत्या सांच्याला, भावाकडं. त्यांनी खरी सांगितली.

मी म्हणालो, मग तोंडावर का नाही बोललीस? म्हणाली, तुमास्नी किती बरं वाटत व्हतं सांगताना.

मी पोतं ओढून बसलो. म्हणालो, खरी काय आहे ती सांग.

राहीबाईला लिहिता वाचता येत नाही. तिने बेदाणे निवडता निवडता अख्खा मधला खंड सांगितला. कस्तुरा आत्याकडे बित्याकडे कुठे गेलीच नाही. शहरात गेली, शाळेत मास्तरीण व्हायला. पण तिचं शिफारशीचं पत्र एडमंडकडे राहिलेलं. तिने चार वेळा कागद धाडून मागितलं, याने दिलं नाही, खणात घालून बसला. मग ती चिखलातून पायी दारोदार हिंडली, एका म्हाताऱ्या मास्तराने ठेवून घेतलं, त्याच्याशीच लग्न झालं, तो खोकल्याने गेला. ते काळे कपडे त्याचे.

मी विचारलं, पत्र का दिलं नाही त्याने? वैर होतं?

राहीबाई म्हणाली, वैर कशाचं? त्येलाबी त्याच शाळंत जायचं व्हतं. पर गेला न्हाई कवाच. खिडकीत बसून ऱ्हायला. म्हातारपणी गेला तिच्याकडं पत्र घिऊन, रडला. ती म्हणाली, ठिव तितं.

माझ्या हातात बेदाण्याची एक काडी होती. ती मी कितीतरी वेळ निवडत होतो. शेवटी म्हणालो, पण एडमंड तसा वाईट माणूस नसावा.

राहीबाई म्हणाली, वाईट न्हाई वं सर. नुसता बसून ऱ्हायला.